बीएमआय तिशीच्या आसपास असताना वजनाचं ऑपरेशन: कोणतं निवडायचं?

वजन कमी करण्यासाठी जठर-आतड्यावर जी ऑपरेशनं करतात, त्यांची बहुतेक माहिती सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसासाठी लिहिलेली असते. ज्यांचं वजन ७५ ते ९० किलोच्या घरात आहे, सोबत शुगर आहे, लिव्हरवर चरबी आहे, गुडघे बोलायला लागले आहेत, त्यांना ती माहिती जशीच्या तशी लागू पडत नाही. कमी वजनातून सुरुवात करणाऱ्याकडे चुकीला जागा कमी असते. मोठं ऑपरेशन केलं म्हणून फायदा मोठा होईल असं नाही, पोषणाची उधारी मात्र नक्की मोठी होते. तुम्ही दापोली, रत्नागिरी, देवगड किंवा कुडाळला राहत असाल आणि ऑपरेशन मुंबई-पुणे-कोल्हापूर-गोव्याला होणार असेल, तर नंतरची काळजी कोण घेणार हा प्रश्नही निवडीतच धरावा लागतो.

आधी आकडा काढा, अंदाज नको

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, हलक्या कपड्यांत घ्या. उंची चप्पल काढून भिंतीला टेकून मोजा. आधार कार्ड काढताना सांगितलेली उंची चालणार नाही, कारण उंचीत दोन सेंटिमीटरची चूक झाली तरी बीएमआय जवळजवळ एकाने हलतो. बीएमआय काढायला किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १५५ सेंमी उंचीची बाई ७८ किलोची असेल तर १.५५ गुणिले १.५५ म्हणजे २.४०, आणि ७८ भागिले २.४० म्हणजे साडेबत्तीस. याच बाईचं उदाहरण पुढे घेऊ.

कमरेचा घेरही मोजा. टेप बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ठेवा आणि श्वास सोडून मोजा. आपल्याकडे बाईसाठी ८० सेंमी आणि पुरुषासाठी ९० सेंमीच्या वर घेर म्हणजे पोटात आतल्या अवयवांभोवती चरबी साठली आहे असं धरतात. भारतीय शरीरात कमी वजनातही ही आतली चरबी जास्त असते. म्हणूनच आपल्यासाठी मर्यादा वेगळ्या ठरल्या.

१९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेली जुनी मर्यादा बीएमआय ४०, किंवा आजार असतील तर ३५ अशी होती. २०२२ मध्ये एएसएमबीएस आणि आयएफएसओ या सर्जनांच्या दोन संस्थांनी ती बदलली. आता ३५ च्या पुढे आजार असो वा नसो ऑपरेशन सुचवतात. ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करतात आणि आशियाई लोकांसाठी ही पायरी २७.५ पासून धरतात. १५५ सेंमीला २७.५ म्हणजे ६६ किलो. त्याच्या खाली असाल तर ऑपरेशनचा विषय इथेच सोडून द्या, कुणी कितीही सवलत देऊ केली तरी.

किलोत नको, टक्क्यांत विचार करा

‘अमक्याचे तीस किलो गेले’ हे ऐकून गाडी धरू नका. १२० किलोच्या माणसाचे ३० किलो जाणं म्हणजे त्याचं एकूण वजन २५ टक्के कमी होणं. ७८ किलोच्या बाईचे २५ टक्के म्हणजे साडेएकोणीस किलो, आणि ती साडेअठ्ठावन्नवर येते. हे उत्तम यश आहे. तिचे ३० किलो गेले तर ती ४८ वर येईल, केस गळतील, हिमोग्लोबिन पडेल आणि चेहरा आजारी दिसेल.

ढोबळ अंदाज असा धरा. स्लीव्हने (जठराचा मोठा भाग कापून नळी करण्याचं ऑपरेशन) पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या २० ते २५ टक्के आणि बायपासने (जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन) २५ ते ३० टक्के वजन उतरतं, पुढे थोडं परत येतं. आपल्या ७८ किलोच्या बाईच्या बाबतीत या दोघांतला फरक चार-पाच किलोंचा आहे. तेवढ्यासाठी कोणतं ऑपरेशन करायचं हे ठरवू नये. निवड आजारावरून, छातीतल्या जळजळीवरून आणि पुढची वीस वर्षं गोळ्या घेण्याच्या तयारीवरून करायची.

तपासण्या ऑपरेशन ठरवण्याआधी

पुष्कळ ठिकाणी ऑपरेशनचा प्रकार आधी ठरतो आणि तपासण्या भूल देण्यापुरत्या होतात. हे उलटं आहे. सगळ्यांत जास्त निर्णायक तपासणी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेली एंडोस्कोपी. अन्ननलिकेच्या तळाला जखमा आहेत का, जठराचा भाग छातीत सरकलेला आहे का, जठरात हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू आहे का, हे तीन प्रश्न तिने सुटतात. जंतू सापडला तर साधारण १४ दिवसांचा औषधांचा कोर्स आधी पुरा करतात.

डॉक्टरांना नुसतं ‘पित्त होतं’ असं सांगून थांबू नका. आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येतं का, रात्री खोकला येऊन जाग येते का, आठवड्यातून किती वेळा, जळजळीची गोळी किती वर्षांपासून घेताय, हे मोजून सांगा. मेडिकलमधून परस्पर गोळी आणून खाणाऱ्याला आपल्याला रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं आम्ल वर येण्याचा त्रास, आहे हेच माहीत नसतं, कारण गोळीने तो झाकलेला असतो.

शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीए१सी आणि त्यासोबत उपाशीपोटी सी-पेप्टाइड करून घ्या. सी-पेप्टाइडवरून स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं ते कळतं. ते फार कमी असेल, तर पोटाचं कोणतंही ऑपरेशन केलं तरी शुगर हवी तशी उतरणार नाही. कमी वजनाच्या मधुमेह्यात ही शक्यता जास्त असते, म्हणून ही तपासणी तुमच्यासाठी ऐच्छिक नाही.

बाकी यादी नेहमीची: थायरॉइड, बी१२, डी जीवनसत्त्व, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), लिव्हरच्या चाचण्या, पोटाची सोनोग्राफी (पित्ताशयात खडे आहेत का तेही कळतं), ईसीजी, आणि घोरत असाल तर झोपेची तपासणी. रक्ताचे नमुने चिपळूण, रत्नागिरी, कणकवली कुठेही देता येतात. त्यासाठी मुंबईची खेप नको. बी१२ किंवा डी आधीच कमी असेल तर ते भरून काढा आणि मगच तारीख घ्या.

पर्याय, हलक्यापासून जडापर्यंत

इंजेक्शनं. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची औषधं आता भारतात मिळतात. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन उतरलं. ७८ किलोवर हा हिशेब १२ ते १६ किलो होतो, म्हणजे स्लीव्हच्या जवळपास. त्यामुळे बीएमआय ३० च्या आसपास असेल आणि शुगर फार बिघडलेली नसेल, तर आधी हा मार्ग नीट, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरून पाहावा असं आमचं स्पष्ट मत आहे. अडचण एवढीच की औषध थांबवलं की बहुतेकांचं वजन परत चढतं. महिन्याचा खर्च किती वर्षं झेपेल ते आधीच मांडून ठेवा.

फुगा. जठरात पाण्याचा फुगा ठेवतात, प्रकारानुसार चार ते सहा महिने किंवा जास्त. साधारण दहा टक्के वजन उतरतं आणि फुगा निघाल्यावर बरंचसं परत येतं. काही फुग्यांत निळा रंग घातलेला असतो. लघवी निळी-हिरवी झाली तर फुगा फुटला असं समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, कारण रिकामा फुगा आतड्यात जाऊन अडकू शकतो. पहिले तीन-चार दिवस उलट्या होतात. ज्याला जवळपास सलाईन लावायची सोय नाही त्याने हा पर्याय घेऊ नये.

टाक्यांची स्लीव्ह. तोंडातून दुर्बीण घालून जठराला आतून टाके मारून ते अरुंद करतात. काही कापत नाहीत. २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मेरिट अभ्यासात बीएमआय ३० ते ४० च्या लोकांचं वर्षभरात सरासरी १३.६ टक्के वजन उतरलं. ज्यांना शुगर नाही, फक्त वजन आणि लिव्हरची चरबी आहे, त्यांच्यासाठी हा मधला मार्ग बरा. मात्र हे काम हाताच्या कौशल्याचं आहे. ज्याने अशी मोजकीच केली आहेत त्याच्याकडे जाऊ नये.

स्लीव्ह. जठराचा डावीकडचा फुगीर भाग, साधारण ७५ ते ८० टक्के, कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. आतड्याला हात लागत नाही, म्हणून जीवनसत्त्वांची कमतरता बायपासपेक्षा कमी पडते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे फार मोठ्या वजनाच्या लोकांसाठी दोन टप्प्यांतलं पहिलं ऑपरेशन म्हणून वापरात आलं, आता जगात सर्वांत जास्त हेच होतं. याचे दोन दोष. पहिला, वरच्या टोकाला, अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे गळती होऊ शकते, आणि ती झाली तर भरून यायला आठवडे लागतात. दुसरा दोष जास्त लोकांना भोवतो: आतला दाब वाढतो आणि आम्ल वर येतं. २०१८ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या स्वित्झर्लंडच्या अभ्यासात पाच वर्षांनी स्लीव्हवाल्यांपैकी सुमारे ३२ टक्क्यांचा रिफ्लक्स वाढला होता, बायपासवाल्यांत सुमारे ६ टक्क्यांचा. वजनाच्या बाबतीत मात्र दोघांत फारसा फरक नव्हता.

बायपास, म्हणजे रू-एन-वाय. जठराच्या वरच्या टोकाला ३० मिलीच्या आसपास एक छोटी पिशवी करतात आणि आतडं कापून तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिथून जात नाही. आम्ल वर येण्याचा त्रास यात कमी होतो, शुगरवर परिणाम सर्वांत चांगला. बदल्यात चार गोष्टी कायमच्या पदरात येतात: लोह, बी१२ आणि कॅल्शियमची कमतरता, गोड खाल्ल्यावर घाम, धडधड आणि जुलाब, जोडावर होणारा अल्सर, आणि आतड्यामागच्या फटीत आतडं शिरून पीळ पडण्याचा धोका, जो दोन-तीन वर्षांनंतरही असतो.

एका जोडाचा बायपास, ज्याला मिनी बायपास म्हणतात, आपल्याकडे पुष्कळ होतो. ऑपरेशन सोपं, वेळ कमी, शुगरवर परिणाम चांगला. पण कमी वजनाच्या माणसाने इथे एक आकडा विचारलाच पाहिजे: किती आतडं वगळणार, म्हणजे किती आतड्यातून अन्न जाणार नाही? फ्रान्समधल्या योमेगा अभ्यासात (२०१९) २०० सेंमी वगळलं होतं. वजन नेहमीच्या बायपासइतकंच उतरलं, पण पोषणाच्या गंभीर तक्रारी जास्त झाल्या. साडेबत्तीसच्या बीएमआयला २०० सेंमी वगळण्याचं कारण नाही. १५० च्या आसपास थांबणारा सर्जन शोधा. शिवाय यात आतड्यातलं पित्त जठरात आणि कधी अन्ननलिकेत येऊ शकतं.

‘साडी’ (SADI), डुओडेनल स्विच अशी आणखी जड ऑपरेशनं तुमच्यासाठी नाहीत. आतड्याचा फार मोठा भाग वगळला जातो, आणि कमी वजनाच्या माणसाला ते परवडत नाही. गॅस्ट्रिक बँड, म्हणजे जठराभोवती बसवायचा पट्टा, कुणी सुचवला तर नम्रपणे नकार द्या. बँड सरकतात, रुततात, आणि पुष्कळांचे काढावे लागले.

मग जुळवायचं कसं

एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या जखमा ग्रेड सी किंवा डीच्या, म्हणजे जास्त गंभीर असतील, तिच्या अस्तरात बॅरेट नावाचा बदल असेल किंवा जठर बरंच वर सरकलेलं असेल, तर स्लीव्ह यादीतून काढा. उरला नेहमीचा बायपास. मिनी बायपासही इथे दुसऱ्या नंबरवर जातो.

शुगर हे मुख्य कारण असेल तर तिचं वय बघा. पाच वर्षांच्या आतली, गोळ्यांवर चालणारी शुगर असेल तर बायपास आणि स्लीव्ह दोन्ही चांगलं काम करतात. पाच-दहा वर्षांची, दोन-तीन गोळ्यांवरही न आवरणारी असेल तर बायपासचं पारडं स्पष्टपणे जड. खूप जुनी, इन्सुलिनवर असलेली आणि सी-पेप्टाइड कमी असलेली असेल तर शुगर जाण्याची आशा दोन्हींत थोडीच, मग जास्त जोखमीचं ऑपरेशन कशाला? अमेरिकेतल्या स्टॅम्पीड अभ्यासात २७ ते ४३ बीएमआयचे १५० मधुमेही होते. पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली असलेले बायपासनंतर २९ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि फक्त औषधांवर ५ टक्के होते. फायदा खरा आहे, पण शंभरातल्या सत्तरांची शुगर पाच वर्षांनी त्या पातळीला नव्हती, हेही त्याच आकड्यांत आहे. ‘मधुमेह कायमचा बरा’ असा फलक लावणाऱ्याला हा आकडा विचारा.

तंबाखू, गुटखा, बिडी आणि मशेरी यांवर वेगळा परिच्छेद हवा, कारण बायका मशेरीला तंबाखू धरत नाहीत आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. बायपासच्या जोडावर अल्सर होण्यात तंबाखूचा मोठा हात असतो. किमान सहा आठवडे आधी पूर्ण बंद, आणि नंतरही बंद. सुटणार नसेल तर बायपासचा आग्रह धरू नका. तीच गोष्ट गुडघेदुखीच्या गोळ्यांची. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक रोज लागत असतील तर ते आधी सांगा. बायपासनंतर त्या चालत नाहीत, पॅरासिटामॉलवर भागवावं लागतं.

आणि ज्याच्या घरी गोळ्यांचा डबा दर महिन्याला भरला जाणार नाही, रक्त तपासायला वर्षातून एकदाही जाणं होणार नाही, त्याने आतडं वगळणारं ऑपरेशन टाळावं. हे कठोर वाटेल, पण बी१२ नसल्यामुळे पायांच्या नसा बधिर झाल्या की त्या पूर्ण परत येतीलच असं नाही.

गावापासूनचं अंतर

पहिल्या दोन आठवड्यांत गळती, रक्तस्राव आणि रक्ताची गुठळी यांचा धोका असतो. हॉस्पिटल दोन-तीन दिवसांत घरी सोडतं, पण ‘घरी’ म्हणजे गावी नव्हे. परळ, ठाणे, डोंबिवली, जिथे नातेवाईक असतील तिथे निदान १० ते १४ दिवस हॉस्पिटलपासून तासाभराच्या आत राहा. नाडी १२०च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, दम लागणं, पोटात वाढत जाणारी कळ, यांतलं काहीही झालं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, थेट जा. गळतीत पोट नेहमी कडक होतंच असं नाही. वाढलेली नाडी बऱ्याचदा पहिली खूण असते.

परतीच्या रेल्वे किंवा गाडीच्या सात-आठ तासांत दर तासाला उठून चाला, पोटरीची हालचाल करत राहा. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं दिली असतील तर कोर्स पुरा करा.

तारीख निवडताना पाऊस बघा. जुलै-ऑगस्टमध्ये आंबा घाट, आंबोली, करूळ यांपैकी कुठे ना कुठे दरड येते, कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर असते आणि गणपतीच्या आधी तिकीट मिळत नाही. पहिले दोन महिने कोरड्या हंगामात जातील अशी तारीख घ्या. पण एप्रिल-मेच्या उकाड्यातही एक अडचण आहे: घाम फार जातो आणि लहान झालेल्या जठरात एका वेळी दोन-तीन घोटच पाणी मावतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.

गावातल्या डॉक्टरांसाठी एक कार्ड बनवा. पाकिटात ठेवता येईल एवढं, मराठीत आणि इंग्रजीत. त्यावर हे असू द्या:

ऑपरेशनचं नाव, तारीख, वगळलेल्या आतड्याची लांबी, सर्जनचा नंबर.
वारंवार उलट्या होत असतील तर ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन म्हणजे बी१ शिरेतून द्या.
वेदनेसाठी डायक्लोफिनॅक वगैरे देऊ नका.
नाकातून नळी अंदाजाने घालू नका.
बायपास झालेला असेल आणि पोटात पिळवटणारी कळ येत असेल तर साध्या सोनोग्राफीवर थांबू नका, सीटी स्कॅन करा आणि सर्जनशी बोला.

दुसऱ्या ओळीचं कारण समजून घ्या. दोन-तीन आठवडे नीट जेवण नाही, उलट्या चालू, अशा माणसाच्या शरीरातला बी१ चा साठा संपत आलेला असतो. त्याला नुसतं ग्लुकोज दिलं की उरलेला बी१ ही वापरला जातो आणि मेंदूला इजा होते: डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, झोकांड्या जाणं, बोलण्यात गोंधळ. ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावा’ ही आपल्याकडची सवय इथे घातक ठरते, आणि ती टाळायला लागतं ते फक्त एक स्वस्त इंजेक्शन.

पैसे आणि विमा

बहुतेकांची निराशा इथे होते. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या प्रमाणित नियमांप्रमाणे विमा कंपनीने लठ्ठपणाचं ऑपरेशन नाकारू नये यासाठी बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा, नाहीतर ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा न आवरणारा टाइप २ मधुमेह हवा. तुमचा बीएमआय ३२ असेल तर डॉक्टरांच्या दृष्टीने तुम्ही बसता, विम्याच्या दृष्टीने बहुधा नाही. पॉलिसी वाचा, कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, आणि ते येईपर्यंत खर्च स्वतःचाच धरा. क्लेम बसावा म्हणून उंची कमी किंवा वजन जास्त लिहून देणाऱ्याच्या नादी लागू नका. पुढे दुसऱ्या कोणत्याही आजाराचा क्लेमही त्यामुळे अडतो.

पॅकेज सांगतील तेव्हा त्यात जठर-आतडं कापून शिवणाऱ्या स्टेपलरची किती कार्ट्रिज धरली आहेत, आयसीयू लागलं तर दिवसाचे किती, गुंतागुंत होऊन पुन्हा भरती झालात तर बिल कुणाचं, आणि पहिल्या वर्षाच्या भेटी आत आहेत की वेगळ्या, हे लिहून घ्या.

सर्जनला काय विचारायचं

माझ्या बीएमआयच्या आसपासच्या किती लोकांचं ऑपरेशन तुम्ही केलंत आणि त्यांचं पाच वर्षांनी काय झालं? आतडं किती सेंमी वगळणार? आतड्यामागच्या फटी टाके घालून बंद करता का? माझ्यासाठी दुसरा पर्याय कोणता आणि तो का नको? रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा? एंडोस्कोपी न बघता पहिल्याच भेटीत तारीख देणाऱ्याकडे परत जाऊ नका.

आठवडाभर आधी

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या शुगरच्या गोळ्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर शुगर फारशी न वाढताही रक्तात घातक आम्ल साठतं. लिव्हर आक्रसावं म्हणून आधी कमी कॅलरीचा आहार देतात. त्या दिवसांत ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनचा डोस न बदलल्यास शुगर एकदम खाली जाते. सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, कारण त्याने जठर उशिरा रिकामं होतं. हे सगळे बदल डॉक्टरांनी लिहून द्यायचे, मनाने करायचे नाहीत.

जेवण: पेजेच्या पलीकडे

आपल्याकडे आजारी माणसाला पेज देतात. पहिल्या दोन दिवसांत पेजेची निवळ ठीक, पण पुढेही तीच चालू ठेवली तर प्रथिनं मिळत नाहीत, कारण वाटीभर पेजेत ती दोन ग्रॅमही नसतात. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीऐवजी स्नायू झिजतात. कमी वजनाच्या माणसाचे स्नायू गेले तर वजन उतरूनही ताकद राहत नाही आणि शुगरही नीट आवरत नाही.

साधारण क्रम असा: पहिले दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे गाळलेलं-वाटलेलं, पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ, नंतर नेहमीचं. पातळ टप्प्यात दूध, पातळ डाळ, माशाचं गाळलेलं सार आणि प्रथिनांची पावडर. कुळथाची पिठी चांगली, पण दोन चमचे पिठात चार-पाच ग्रॅमच प्रथिनं मिळतात, म्हणून ती जोड म्हणून धरा. मऊ टप्प्यात मासा येतो आणि इथे कोकणच्या माणसाला मोठी सोय आहे. मध्यम बांगड्याचं काटे काढलेलं मांस ८० ते १०० ग्रॅम भरतं आणि त्यात १६ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात. उकडून किंवा कमी तेलाच्या तिखल्यात घ्या, तळून नको. मांस बोटांनी चुरडून काटा राहिला नाही हे तपासा. कोलंबी उशिरा, बारीक चिरून, कारण ती रबरासारखी होऊन अडकते. भात पहिले काही महिने चिकट गोळा होऊन बसतो, त्यापेक्षा मऊ नाचणीची आंबील बरी.

आधी मासा, अंडं किंवा डाळ, मग भाजी, शेवटी भात-भाकरी. घास अंगठ्याच्या नखाएवढा, आणि जेवण वीस-पंचवीस मिनिटांचं. पाणी जेवणासोबत नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने, दिवसभरात घोटघोट करून दीड ते दोन लिटर. सोलकढीत नारळाची चरबी असते, त्यामुळे अर्धी वाटी पुरे. शहाळं आणि आमरस हे बायपासवाल्याने पाणी म्हणून पिऊ नयेत. गोड पातळ पदार्थ आतड्यात लगेच उतरतो, अर्ध्या तासात घाम आणि धडधड होते, आणि एक ते तीन तासांनी शुगर घसरून हात थरथरतात. गणपतीत मोदक खायचाच तर अर्धा, जेवणात प्रथिनं पोटात गेल्यावर. माडी-दारू बायपासनंतर लवकर आणि जास्त चढते, थोडीही गाडी चालवण्याआधी घेऊ नका.

गोळ्या आणि तपासण्या

रोज मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट १२०० ते १५०० मिग्रॅ दोन-तीन भागांत, डी जीवनसत्त्व सुमारे ३००० युनिट, पाळी चालू असलेल्या बाईला लोह ४५ ते ६० मिग्रॅ, आणि बी१२ रोज गोळीतून किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. मेडिकलमध्ये कॅल्शियम मागितलं तर बहुधा कार्बोनेट देतात. बायपासनंतर सायट्रेट जास्त चांगलं शोषलं जातं, म्हणून डब्यावरचं नाव वाचून घ्या. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी पुष्कळ सर्जन देतात.

मूल हवं असेल तर १२ ते १८ महिने थांबा. या काळात फक्त गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, बायपासनंतर त्या नीट शोषल्या जातील याची खात्री नसते. तांबी चालते.

रक्त तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तपासायचं, मग दरवर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हॉर्मोन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), एचबीए१सी. स्लीव्ह झालेल्यांनी काही वर्षांनी, जळजळ नसली तरी, एंडोस्कोपी पुन्हा करून घ्यावी. रिपोर्टचे फोटो सर्जनला पाठवा आणि मूळ कागद एकाच फाइलमध्ये, वर ते कार्ड लावून ठेवा. अल्ब्युमिन ३.५ च्या खाली गेलं किंवा पायांवर सूज आली, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच आठवड्यात निघा.